कॉन्कॉर्डचा पंचांगकर्ता : हेन्री डेव्हिड थोरो

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहून द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा माझ्यापुढे पहिली अडचण आली ती निवडीची. ज्यांची चरित्रे आपण सर्वांनी शाळेत पाठ केली, ती पुन्हा सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या, लेखा खात्यात आकड्यांच्या सहवासात हयात घालविलेल्या माणसाला नाही. म्हणून ज्याच्या आयुष्यात तारखांना आणि नोंदींना असाधारण स्थान होते, अशा एका परदेशी पुरुषाकडे मी वळलो.

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी त्याचा सविनय कायदेभंगावरील निबंध वाचला आणि १९०७ साली ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा परिचय वाचकांना करून दिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट होते त्यांना दुर्गाबाई भागवतांनी केलेला ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवादही आठवत असेल. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेला अनुवादासाठी नेमका हाच ग्रंथ निवडावासा वाटला, याचे मर्म मला फार उशिरा उमगले. तुरुंगात एक रात्र काढणारा थोरो आणि तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा थोरो, या दोघांखेरीज एक तिसरा थोरो होता. तो दररोज दुपारी चार-चार तास रानोमाळ हिंडत असे आणि कोणते फूल कोणत्या तारखेस उमलले ते टिपून ठेवीत असे. हा लेख त्या तिसऱ्या थोरोविषयी आहे.

त्याचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी कॉन्कॉर्ड येथे झाला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले, बोस्टनपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे हे गाव त्या काळी अवघ्या दोन हजार वस्तीचे होते. वडिलांचा पेन्सिली बनविण्याचा लहानसा कारखाना होता. घरची स्थिती बेताचीच, तरी मुलाला हार्वर्डला शिकविले. १८३७ साली पदवी घेऊन तो गावी परतला आणि गावच्या शाळेत शिक्षक झाला. मुलांना छडी मारल्याखेरीज शिस्त राहणार नाही, असे वरिष्ठांनी बजावले तेव्हा त्याने काही मुलांना शिक्षा केली खरी. पण मनाला ते इतके लागले की नोकरीचाच राजीनामा दिला. दोन आठवड्यांची ती नोकरी! ज्यांनी पेन्शनचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून तीस-तीस वर्षे काढली, त्या आम्हा मंडळींना हा प्रकार अविचाराचा वाटणे साहजिक आहे.

पुढे थोरला भाऊ जॉन आणि हेन्री यांनी मिळून स्वतःची शाळा काढली. तेथे छडी नव्हती आणि मुलांना रानात फिरावयास नेण्याचा परिपाठ होता. दोघा भावांचे एकमेकांवर विलक्षण प्रेम होते. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने झालेल्या किरकोळ जखमेतून जॉनला धनुर्वात झाला आणि हेन्रीच्या हातात त्याने प्राण सोडले. त्यानंतर काही दिवसांतच हेन्रीच्याही अंगात धनुर्वाताची सर्व लक्षणे दिसू लागली. जखम कोठेच नव्हती. केवळ शोकाने शरीर भावाचे दुखणे भोगीत होते. तो त्यातून उठला. पण भावाचा विषय निघाला की पुढे कित्येक वर्षे त्याला बोलवत नसे.

कॉन्कॉर्डलाच राहणारे तत्त्वचिंतक इमर्सन हे त्याचे वडीलधारे स्नेही. त्यांच्याच प्रेरणेने १८३७ च्या ऑक्टोबरात थोरोने रोजनिशी लिहावयास आरंभ केला. ती चोवीस वर्षे चालली आणि अखेर वीस लाख शब्दांच्या घरात गेली. १८४४ साली एका मित्रासह मासे भाजण्यासाठी त्याने पेटविलेल्या विस्तवातून वणवा भडकला आणि गावचे सुमारे तीनशे एकर रान जळाले. पुढे ज्या रानाचा तो जणू कुलकर्णी झाला, ते त्याच्याच हातून एकदा होरपळले होते. गावकरी हे विसरले नाहीत. त्यांच्या लेखी तो पदवी घेऊन वाया गेलेला, रान जाळणारा, रिकामटेकडा मनुष्य होता.

४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी, इमर्सन यांच्या मालकीच्या जागेत, स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला. झोपडीला अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट खर्च आला. हा हिशेब त्याने खिळे आणि बिजागऱ्यांसकट ग्रंथात छापला आहे आणि माझ्या खात्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस तो तेथे राहिला. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला कर द्यावयाचा नाही, म्हणून १८४६ च्या जुलैत त्याने तुरुंगवास पत्करला, तो याच काळात. कोणी आप्ताने परस्पर कर भरला आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली.

वॉल्डनच्या मुक्कामातील एक प्रसंग आपणा भारतात राहणाऱ्यांना विशेष वाटेल असा आहे. १८३३ पासून बोस्टनचे व्यापारी तळ्यांवरचे बर्फ कापून, भुशात बांधून, गलबतांनी थेट कलकत्त्याला पाठवू लागले होते. पुढे मुंबई आणि मद्रासलाही ते येई. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजुरांची टोळी वॉल्डनवरही आली आणि बर्फाच्या लाद्या कापून तिने काठावर मोठी रास रचली. थोरो त्या दिवसांत पहाटे गीता वाचीत असे. आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळणार, या कल्पनेने तो हरखून गेला. प्रत्यक्षात त्या राशीतले बहुतेक बर्फ बाजारात गेलेच नाही. गवताखाली झाकलेले ते दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत हळूहळू वितळून पुन्हा तळ्यातच उतरले. गंगाकाठच्या या शहरात राहून हे वाचताना मला दरवेळी थोडी चुटपुट लागते.

तळ्यावरचे बर्फ कोणत्या दिवशी पूर्णपणे फुटते, याची नोंद तो तेव्हापासून ठेवू लागला. १८४५ साली १ एप्रिल, १८४६ साली २५ मार्च, १८४७ साली ८ एप्रिल, १८५२ साली तर थेट १८ एप्रिल. वाचकाने कंटाळून पान उलटावे अशाच या तारखा. तरी त्या त्याने ग्रंथात जशाच्या तशा छापल्या.

वॉल्डनहून परतल्यावर त्याने उदरनिर्वाहासाठी जमीनमोजणीचे काम पत्करले. पेन्सिलीच्या कारखान्यातही तो हातभार लावीत असे. शिशात चिकणमाती मिसळण्याच्या कृतीत त्याने केलेल्या सुधारणांमुळे थोरोंच्या पेन्सिलीला नाव मिळाले होते. लेखनातून मात्र प्राप्ती नव्हती. १८४९ साली निघालेल्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी सातशे सहा न खपता १८५३ साली प्रकाशकाने त्याच्या घरी परत पाठविल्या. त्या स्वतःच्या पाठीवरून जिना चढवून त्याने खोलीत रचून ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी पुन्हा लिहावयास बसला. ‘वॉल्डन’ १८५४ साली प्रसिद्ध झाले.

याच सुमारास त्याने ते दुसरे, कोणी न सांगितलेले काम हाती घेतले. १८५१-५२ पासून तो वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ घेऊन बसला आणि गावच्या हद्दीतले प्रत्येक झाड, झुडूप, गवत नावानिशी ओळखू लागला. डोक्यावरच्या गवती टोपीत आतून एक लहानसा कप्पा केलेला असे. खुडलेले नमुने त्यात ठेवी. हातातल्या काठीवर इंचांच्या खुणा कोरलेल्या असत. एखादे फूल नेमके कोणत्या दिवशी उमलते हे कळावे म्हणून चार-पाच मैलांवरच्या एकाच रोपाकडे तो पंधरवड्यात पाच-सहा वेळा जाई, आणि त्याच वेळी विरुद्ध दिशेच्या दुसऱ्या रोपाकडेही त्याच्या खेपा चालू असत. आमच्या कचेरीत त्या त्या दिवशी सादर करावयाच्या प्रकरणांची यादी सकाळी टेबलावर ठेवलेली असते; थोरोच्या वहीत त्या दिवशी उमलावयाच्या फुलांची यादी असे. १८५२ ते १८५८ या काळात शेकडो जातींच्या पहिल्या फुलाची तारीख त्याने टिपली. झाडांना पालवी कधी फुटली, दक्षिणेकडून कोणता पक्षी कधी परतला, तळ्याचे बर्फ कधी फुटले, हेही त्यात आले. या साऱ्याला आज फेनॉलॉजी, म्हणजे सजीवांच्या ऋतुमानाचे शास्त्र म्हणतात.

यात एवढे महत्त्वाचे ते काय, असा प्रश्न पडेल. आपली मराठी कुटुंबे दरवर्षी गावाहून पंचांग मागवितात. आपला श्रावण शुद्ध प्रतिपदेला लागतो, शेजाऱ्यांचा पंधरा दिवस आधी. आणि आपले सोमवार कोणते, त्यांचे कोणते, हा घोळ प्रत्येक घरात दरवर्षी होतो. पण दोन्ही पंचांगे मोजतात ती चंद्र-सूर्याची गती. आंब्याला त्याची वार्ता नसते. कोकणातल्या हापूसची पेटी येथे येऊन पोचते तेव्हा येथल्या झाडांवर अजून कैऱ्या असतात. झाड ओळखते ते तेथली थंडी, तेथली ऊब आणि दिवसाची लांबी. थोरोला हवे होते ते भूमीचे पंचांग, एका गावापुरते, आकाशाऐवजी मातीकडे पाहून लिहिलेले.

आणि सजीवांचा संसार वेळेवरच चालतो. फुलाला भुंगा हवा, भुंग्याला फूल. अळ्या कोवळ्या पानावर वाढतात आणि त्याच दिवसांत पाखराच्या घरट्यात पिले चोच उघडून बसलेली असतात. यातला एकजण आठ दिवस लवकर आला व दुसरा आपल्या जुन्याच वेळेस आला, तर दोघेही उपाशी राहतात. हे परस्परावलंबन थोरोला त्याच्या काळाच्या मानाने पुष्कळच कळले होते. १८६० साली त्याने वनांच्या अनुक्रमावर दिलेले व्याख्यान, पाइनचे रान तोडल्यावर तेथे ओकच का उगवतो आणि त्याची बीजे खारी कशा पेरतात याविषयीचे, शास्त्रज्ञ आजही वाखाणतात.

रानात रमणारा हा मनुष्य जगापासून मात्र तुटलेला नव्हता. त्याच्या घराने पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. ४ जुलै १८५४ रोजी गुलामगिरीच्या निषेधाचे त्याचे अत्यंत जळजळीत भाषण झाले, आणि त्याचा शेवट त्याने नुकत्याच उमललेल्या पांढऱ्या कमळाच्या उल्लेखाने केला. श्रोत्यांना ती अलंकारिक कल्पना वाटली असेल. ज्याने त्याची वही पाहिली आहे त्याला ठाऊक असते की त्या दिवसांत ते कमळ खरोखरच उमलत असे.

१८६० च्या सुमारास त्याने दहा वर्षांच्या रोजनिशीतील नोंदी मोठ्या तक्त्यांवर उतरवावयास घेतल्या. वर ओळीने वर्षे, डावीकडे एकाखाली एक घटना, आणि चौकटीत तारखा. यांतून कॉन्कॉर्डचे एक सर्वसाधारण वर्ष उभे राहावे, असा त्याचा संकल्प असावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कडक थंडीत झाडांच्या खोडावरील वर्तुळे मोजीत असताना त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि घरात पूर्वीपासून असलेल्या क्षयाने उचल खाल्ली. हवापालटासाठी १८६१ साली त्याला मिनेसोटाला नेण्यात आले. तेथेही तो वनस्पती गोळा करीत राहिला. गुण आला नाही. त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरला रोजनिशीत शेवटची नोंद पडली. वादळी पावसाने रेल्वेमार्गाच्या खडीवर उमटविलेल्या रेघांवरून वारा कोठून वाहिला हे कसे ओळखावे, याविषयीची ती आहे. पुढे आवाज बसला, हात थकला. बहीण सोफिया त्याचे लेख उतरवून देई. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मे महिना म्हणजे त्याच्या वहीतला सर्वांत गर्दीचा महिना. त्या वर्षीच्या मेचा रकाना कोरा राहिला.

इमर्सन यांनी त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या भाषणात प्रेमाबरोबर एक खंतही व्यक्त केली. राष्ट्राचे नेतृत्व करावे अशा योग्यतेच्या माणसाने रानात हकलबेरी वेचावयास जाणाऱ्या मुलांचे नेतृत्व पत्करले, असा तिचा आशय होता. एवढा जिवलग आणि एवढा विद्वान स्नेही, पण या एका बाबतीत त्याचा अंदाज चुकला, असे मला नम्रपणे वाटते.

थोरोची रोजनिशी १९०६ साली चौदा खंडांत प्रसिद्ध झाली. तक्ते मात्र छापलेच गेले नाहीत. त्याच्या दुर्बोध अक्षरातले ते कागद हस्तलिखितांच्या संग्रहांत पडून होते. दरम्यान कॉन्कॉर्डच्याच आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या एका दुकानदाराने १८८८ ते १९०२ पर्यंत गावच्या फुलांच्या तारखा सतत लिहून ठेवल्या होत्या. दुकान सांभाळून त्याने हे व्रत का चालविले, कोणास ठाऊक. थोरोवर त्याची भक्ती होती एवढे खरे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टन विद्यापीठातील प्राध्यापक रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे विद्यार्थी एब्राहम मिलर-रशिंग यांना पृथ्वीच्या तापमानवाढीचा वनस्पतींवर काय परिणाम झाला हे तपासावयाचे होते. त्यासाठी जुन्या नोंदी शोधताना त्यांना हे तक्ते मिळाले. मग ते दोघे थोरोच्याच वाटांनी, तीच फुले शोधीत, वर्षानुवर्षे हिंडले.

त्यांना जे आढळले ते असे. त्या परिसराचे तापमान दीडशे वर्षांत सुमारे अडीच अंश सेल्सिअसने वाढले आहे. काही जगाच्या तापण्यामुळे, काही बोस्टन शहराच्या वाढीमुळे. नेहमीची फुले २००४ ते २००६ या काळात थोरोच्या वेळेपेक्षा सरासरी सात दिवस आधी उमलत होती. २०१० आणि २०१२ या विशेष उष्ण वर्षांत हे अंतर तीन आठवड्यांपर्यंत गेले. जी ब्लूबेरी थोरोने मेच्या मध्यास फुललेली पाहिली, ती २०१२ साली एप्रिलच्या आरंभीच फुलली. त्याने नोंदविलेल्या जातींपैकी सत्तावीस टक्के गावातून नाहीशाच झाल्या असून आणखी छत्तीस टक्के अगदी तुरळक उरल्या आहेत. ज्यांनी उष्णतेबरोबर आपली वेळ पुढे ओढली नाही अशा कुळांतील जातीच, लिली आणि ऑर्किड यांसारख्या, अधिक घटल्या. दूर दक्षिणेतून येणाऱ्या पक्ष्यांच्या आगमनात मात्र फारसा फरक पडला नाही. कॉन्कॉर्डमध्ये ऊब वाढली, ही बातमी त्यांना हजारो मैलांवर कशी मिळावी?

थोरोने पालवीच्या नोंदी घेतल्या होत्या, त्यांतून २०१९ साली आणखी एक गोष्ट बाहेर आली. रानातल्या मोठ्या झाडांना आता त्याच्या काळापेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी पाने फुटतात. त्याच झाडांच्या तळाशी वाढणारी लहान रानफुले मात्र एकच आठवडा पुढे सरकली आहेत. डोक्यावर पानांचे छत धरण्यापूर्वी जमिनीवर जे थोडे दिवस ऊन पोचते, त्या उन्हावर ही रोपे आपले वर्षाचे बहुतेक अन्न तयार करून घेतात. त्या उन्हाचे काही दिवस आता त्यांच्या वाट्यातून गेले आहेत.

वॉल्डन तळ्याचीही नोंद पुढे चालू राहिली आहे. थोरोच्या हयातीत त्यावरचे बर्फ मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलात फुटे. २०१२ साली ते जानेवारी संपण्यापूर्वीच फुटले.